लाल ठिपक्याची पुस्तकं

जानराव पडघानांच्या हातात कुठलंही पुस्तक दिलं की ते आधी मागून उघडत. शेवटचं पान आहे का बघत, शिवण ताणून बघत, आणि मग कुठे नाव वाचत. डॉक्टर आल्याआल्या जीभ दाखवा म्हणतो, तसं. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अकरा वर्षं त्यांनी हेच केलं. पगार नाही, मानधन नाही, हजेरीपटावर नाव नाही. सकाळी सातला कुलूप उघडायचं, झाडायचं, पेपर टेबलावर मांडायचे, आणि खिडकीजवळ बसून लोकांनी फाडलेली पानं परत लिहायची. लिहायची म्हणजे खरोखरच हाताने, शाईने, एकेक ओळ.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, केनवडपासून दोन फाटे पुढे. एसटी थांबते, पण कोणी उतरणारं असलं तर. या पट्ट्यातल्या दहा-बारा गावांत एके काळी दर दुसऱ्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘जानराव पेंटर’. किराणा दुकानं, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शिरपूर जैनला धर्मशाळेकडे वळणारा बाण, चौदा एप्रिलची कमान. पोहरादेवीच्या यात्रेआधी तर त्यांना जेवायला फुरसत नसे. मग फ्लेक्स आला. फय्याजभाईंनी आपल्या बांगड्यांच्या दुकानावर फ्लेक्स लावला, तो जानरावकाकांनी रंगवलेल्या पत्र्याच्या पाटीवरच ठोकून. वर म्हणाले, "खाली तुमचंच नाव हाय भाऊ, आमी काढलं थोडी." काका हसले म्हणे. दोन वर्षांत त्यांचे ब्रश डब्यात वाळून काड्या झाले.

पन्नाशी उलटलेला माणूस. शेत नाही, मुलगा विनोद पुण्याकडे कंपनीत, बायको लिलाबाई निंदणा-खुरपणाला जाणारी. काका पेपर वाचायला म्हणून वाचनालयात येऊन बसू लागले. तिथे पगारावर एक ग्रंथपाल बाई होत्या, त्यांचं लग्न झालं आणि त्या गेल्या. जागा भरायची राहिली ती राहिलीच. संस्थेचे सचिव जगदेव सर, निवृत्त मास्तर, गोड बोलणारा माणूस. त्यांनी एक दिवस काकांच्या हातात किल्ली दिली. म्हणाले, तुम्ही बसताच आहात तर उघडत चला.

त्याच आठवड्यात काकांनी एक कादंबरी घरी नेली आणि दोन रात्री जागून वाचली. शेवटची नऊ पानं नव्हती. दुसऱ्या दिवशी ते बसने वाशीमला गेले, तिथल्या एका वाचनालयात त्याच पुस्तकाची प्रत शोधली. बाहेरगावच्या माणसाला पुस्तक घरी देत नाहीत, म्हणून तिथेच बसून नऊ पानं वहीत उतरवून घेतली. शेवट त्यांना वाशीमलाच कळला होता, काम तिथेच संपायला हवं होतं. पण परत आल्यावर त्यांना वाटलं, आपल्यामागून जो हे पुस्तक नेईल तो पण वाशीमला जाईल का?

तिथून सुरू झालं. पद्धत ठरून गेली. पानाच्या मापाचा कागद कापायचा. पेंटरची सवय, म्हणून आधी पेन्सिलीने बारीक रेघा. छापील पानात जितक्या ओळी तितक्याच ओळी, जिथे ओळ तुटते तिथेच तोडायची. वर पानाचा नंबर. मैद्याच्या खळीत मोरचूद घालून पान चिकटवायचं, म्हणजे कसर लागत नाही. खळ लिलाबाई शिजवून द्यायच्या, शिजवताना बोलायच्या.

"लोकायनं फाडायचं अन् तुमी शिवायचं. शिंपी झाले असते तं लोकायच्या अंगावर तरी दिसलं असतं."

पुस्तक पूर्ण झालं की काका जुन्या डब्यातला लाल ऑइलपेंट टरपेंटाइनमध्ये पातळ करून पुस्तकाच्या कण्यावर एक ठिपका ठेवायचे. ज्वारीच्या दाण्याएवढा. मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, नाव का नाही लिहीत कोपऱ्यात, पाटीवर लिहायचे तसं. ते म्हणाले, पाटीवर नाव टाकलं तर ती आपली जाहिरात. पुस्तकात नाव ज्यानं लिहिलं त्याचंच राहायला पाहिजे. पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की आत कुठेतरी दुसऱ्याचा हात लागला आहे. फसवाफसवी नको. म्हणून ठिपका.

गावात त्या ठिपक्याची ख्याती अशी काही नव्हती. पोरं पेपरमधल्या जाहिराती बघायला यायची, म्हातारे पंख्याखाली बसायला. लाल ठिपक्याची पुस्तकं मन लावून वाचणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते म्हणजे फय्याजभाईंची बायको, नजमुन्निसा आपा. त्यांच्या माहेरी उर्दू शाळा नव्हती म्हणून सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, भाजीच्या पिशवीत मेथीखाली पुस्तक ठेवून यायच्या. खुर्चीवर बसायच्या नाहीत. उभ्या उभ्या निकाल द्यायच्या.

"भाऊ, तुमच्या पानात तो माणूस तीनदा पानी पेते."

"मुळातच तीनदा हाय, आपा."

"मंग मुळातच चुकलं. पानी पेऊन पेऊन मरन तो."

काका दिवसभर ते सांगून हसायचे. एकदा मात्र आपा वेगळं बोलल्या. ते वाक्य काकांनी मला कमीत कमी सात वेळा ऐकवलं असेल, दर वेळी तसंच्या तसं, आवाजासकट. "छापील पान वाचते तवा मी एकटी असते. तुमचं पान आलं की वाटते, कोनी संगं चालून राह्यलं." अकरा वर्षांची त्यांची कमाई विचाराल तर एवढी. ते वाक्य त्यांनी लिलाबाईंनाही सांगितलं. लिलाबाईंनी विचारलं की मग आपांनी चहा तरी पाजला का.

आता अठराशे सहाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

अठराशे सहा हा दाखल नोंदवहीतला नंबर. जुनी कादंबरी, मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं. काकांनी पुठ्ठ्याला विनोदच्या जुन्या शाळेच्या शर्टाचं कापड लावून तिला अंग दिलं होतं. दोनशे सोळाव्या पानावर एक माणूस अठरा वर्षांनी स्वतःच्या घरापाशी येतो आणि कडी वाजवतो. तिथेच पान संपतं. पुढची चौदा पानं नाहीत. काकांनी रिसोड पाहिलं, वाशीम पाहिलं, शिरपूर पाहिलं, अकोल्याला लग्नाला गेले तेव्हा मांडवातून उठून तिथलं वाचनालय पाहिलं. प्रत कुठेच नाही.

त्यांनी चौदा कोरी पानं आत शिवली. प्रत्येकाच्या वर पेन्सिलीने नंबर घातला, दोनशे सतरा ते दोनशे तीस. रेघासुद्धा मारून ठेवल्या. ठिपका दिला नाही. आपांनी तसंच्या तसं ते वाचलं, आणि गुरुवारी येऊन विचारलं, दार कोण उघडतं? काका म्हणाले, मालूम नाही. आपा म्हणाल्या, मग लिहून टाका ना काही, कोणाला समजतं.

"दुसऱ्याच्या घरची कडी आपन कशी काढावी, आपा?"

तेव्हापासून दर गुरुवारी आपा वाचनालयाच्या पायरीवर आल्या की आधी हेच विचारायच्या, "दार उघडलं का?" काका म्हणायचे, "अजून नाही." नमस्कार-सलामच्या जागी ते होऊन बसलं. सात वर्षं.

मी नाटक शिकायला पुण्याला निघाले तेव्हा काकांनी मला एक चिठ्ठी दिली. कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव, पानांचे नंबर, सुंदर पाटीसारख्या अक्षरात. पुण्यात खूप वाचनालयं आहेत म्हणतात, बघशील का. मी हो म्हटलं. दर सुट्टीत गावी आले की ते विचारायचे आणि मी म्हणायचे, शोधतेय काका. खरं सांगायचं तर सहा वर्षांत मी एकदाच मनापासून शोधलं, या डिसेंबरात, आणि तेव्हा ते अर्ध्या तासात सापडलं. एका पेठेतल्या जुन्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर. मी चौदा पानांचे फोटो काढले, छापून घेतले. लगेच पाठवावे असं एकदा डोक्यात आलं. पण मग जगदेव सरांचा फोन आला.

सर म्हणाले, वाचनालयाचा वर्धापनदिन जानेवारीत आहे, आपण जानरावभाऊंचा सत्कार करतो आहोत, आणि सूत्रसंचालन गावच्या नाटकवाल्या पोरीनेच करायचं. मला वाटलं, याहून चांगली संधी कुठली. स्टेजवर, सगळ्यांसमोर, ती चौदा पानं त्यांच्या हातात देईन. रंगमंचाची खोड. चांगला क्षण दिसला की माणूस तो राखून ठेवतो.

इकडे गावात सरांनी काकांकडून एक यादी मागितली होती. कुठली पुस्तकं, कुठली पानं फाटलेली होती, किती पानं हाताने घातली, सगळं नंबरवार. काकांनी समजून घेतलं ते असं: सत्कारात वाचून दाखवायची आहे. मीही तेच समजले असते. सरांनीही फसवलं असं मला आजसुद्धा म्हणता येत नाही. त्यांना यादी हवी होती, त्यांनी मागितली. कशासाठी ते सांगायचं त्यांच्या मनातच आलं नाही. गावात असंच चालतं. सांगायचं राहून जातं.

यादी करायला काकांना आठ दिवस लागले. लाल ठिपक्याची एकूण दोनशे बारा पुस्तकं भरली. प्रत्येक पुस्तक काढायचं, पुसायचं, पानं मोजायची. शेवटी त्यांनी अठराशे सहासुद्धा लिहिलं, समोर शेरा घातला, ‘चौदा पाने कोरी, मिळाल्यास लिहीन’. दोनशे तेरा. खाली तारीख, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या कागदावर स्वतःची सही. लिलाबाईंनी सांगितलं की ती यादी त्यांनी घरी आणून भिंतीला टेकवून ठेवली होती, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, आणि लांबून बघत होते. पाटी रंगवली की बघायचे तसं.

यादी देऊन आले तर सर म्हणाले, आता आठ दिवस येऊ नका, आत रंगकाम चालू होतंय. काका म्हणाले, रंग मी देतो की. सर म्हणाले, तुम्ही सत्कारमूर्ती, तुम्ही काय ब्रश हातात धरता. काका आठ दिवस घरी बसले. लिलाबाई म्हणाल्या, जावईबुवासारखे दोन्ही टाईम हातात ताट घेऊन बसून राह्यले.

कार्यक्रम वाचनालयातच होता. बाहेर मोठा फ्लेक्स, त्यावर काकांचा फोटो, दोन्ही बाजूंना पाहुण्यांचे. आत पाऊल टाकलं तर नव्या रंगाचा वास. स्टेजच्या मागे पडदा लावलेला. काका पांढऱ्या शर्टात, केसांना तेल. खुर्चीच्या टोकावर बसलेले, अर्धे खुर्चीत अर्धे उठायच्या तयारीत. समोर पहिल्या रांगेत लिलाबाई, मागे बायकांत नजमुन्निसा आपा. आपा कार्यक्रमाला आल्या म्हणून काका दोनदा मान वळवून बघून खात्री करून घेत होते.

सरांनी मला ऐनवेळी एक कागद दिला, हे वाच म्हणाले. मी वाचला. मला आवाज आहे. मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं शिकवलेलं आहे. मी श्वास घेतला आणि शब्दाशब्दाला वजन देत वाचलं:

"आपल्या वाचनालयाच्या सुसज्ज स्पर्धा परीक्षा अभ्यासिकेसाठी जागा उपलब्ध होण्यात श्री. जानराव पडघान यांचा मोलाचा वाटा आहे. त्यांनी अत्यंत परिश्रमपूर्वक तयार केलेल्या यादीमुळे दोनशे तेरा जीर्ण व अपूर्ण ग्रंथांचे निर्लेखन करणे संस्थेस सुलभ झाले."

टाळ्या वाजल्या. मला शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा अर्थ लागला. निर्लेखन म्हणजे दप्तरातून नाव खोडून पुस्तक काढून टाकणं. तेवढ्यात पाहुण्यांनी फीत कापली, पडदा बाजूला झाला. मागे ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलाला मधे आडोसा, चार्जिंगची सोय, निळ्या खुर्च्या. खिडकीजवळचं टेबल नव्हतं. कपाटं दोन उरलेली, त्यांत जाडजूड गाईडं.

मी काकांकडे बघितलं. पाहुणे त्यांना शाल घालत होते. शाल खांद्यावरून घसरत होती, आणि ते ती सावरत नव्हते.

दोन शब्द बोला म्हणून त्यांना माइकपाशी आणलं. ते माइकच्या फार जवळ गेले. मग सरांकडे वळून, माइक समोर तसाच ठेवून, त्यांनी विचारलं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"सर, पुस्तकं कुठी गेली?"

सर हसले. खुर्चीतूनच म्हणाले, "दिली ना काढून. तुमीच तं यादी देली, भाऊ. नंबरवार. काईच त्रास झाला नाही."

"जे कोरं होतं, ते पन?"

"सारी गेली. तुमी काळजी नका करू."

लोकांना वाटलं काका कामाचीच चौकशी करताहेत. पुन्हा टाळ्या झाल्या. काका नारळ धरून जागेवर जाऊन बसले. माझ्या पर्समध्ये चौदा पानं होती. मी पुढचा क्रम वाचला. आभारप्रदर्शन.

नंतर मी सरांना गाठलं. भांडायचंच ठरवून गेले होते. ते मला समजावत राहिले की हाताने लिहिलेलं पान म्हणजे पुस्तक अपूर्णच धरलं जातं, अपूर्ण पुस्तकांनी जागा अडते, आणि पोरांना बसायला जागा नाही. ते म्हणाले, तूच सांग, शेवटची शंभर पुस्तकं कोणी कोणी नेली, देवघेवीची वही काढून बघ. मी बघितली. पानंच्या पानं एकच सही होती, नजमुन्निसा फय्याज. एका बाईसाठी दोनशे तेरा पुस्तकं ठेवा, असं मोठ्याने म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. नवीन टेबलांवर त्याच संध्याकाळी पोरं-पोरी येऊन बसली होती. माझी चुलतबहीण साक्षी पण त्यांच्यात. तिच्या घरी एकच खोली आहे.

पुस्तकं रिसोडच्या रद्दीवाल्याला विकली, एवढं सरांकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी काका तिकडे निघाले, तर मी सोबत गेले. बसमध्ये ते एकदाच म्हणाले की यादीत आपण नंबर चुकवायला पाहिजे होते. चार-पाच तरी. मग लगेच म्हणाले, नाही, चुकला असता तर दुसऱ्याच कोणाचं पुस्तक गेलं असतं.

शादाबचं भंगार-रद्दीचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पंचविशीतला मुलगा, गोणीवर बसून मोबाईल बघत होता. काकांनी पुस्तकांचं विचारलं तर त्याने आधी स्टूल पुढे केलं. गाडी मंगळवारीच गेली म्हणाला. कारखान्यात कागद वेगळा जातो, पुठ्ठा वेगळा, म्हणून पुठ्ठे काढून घेतले होते, ते अजून होते. कोपऱ्यात ढीग. कण्यांवर लाल ठिपके, उलटे, सुलटे, एकावर एक. काका उकिडवे बसून एकेक उचलत होते. प्रत्येकाचा नंबर मनात म्हणत असावेत, ओठ हलत होते. शर्टाच्या कापडाचा पुठ्ठा सापडला तेव्हा थांबले.

"घेऊन जा ना काका, असाच," शादाब म्हणाला.

"काय नेऊ? आत काही नाही याच्यात."

शादाबला काही आठवलं. "एक मिनट. वो कोऱ्या पानायची?" तो आत गेला आणि वायरीने बांधलेली एक लहानशी चवड घेऊन आला. म्हणाला, सगळं छापलेलं होतं, त्यात ही एवढी कोरी निघाली, रेघा मारलेली. कामाला येतील म्हणून फाडून ठेवली होती. पहिल्या पानावर त्याने बॉलपेनने कोणाचा तरी फोन नंबर लिहिला होता, त्याबद्दल सॉरी म्हणाला.

दोनशे सतरा ते दोनशे तीस. दोनशे तेरा पुस्तकांतून वाचलं ते एवढंच. ज्यावर काकांनी काही लिहिलं नव्हतं ते.

मी तिथेच पर्स उघडली. फोटोंची पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, घातला, पहिली ओळ वाचली. त्यांना लगेच कळलं.

"कवा सापडलं, पोरी?"

"डिसेंबरात."

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. मग नुसतं म्हणाले, "डिसेंबरात पुस्तक होतं."

एवढंच. रागाने म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

त्या रविवारी त्यांनी ती चौदा पानं घरी ओट्यावर बसून लिहिली. त्याच कागदांवर, त्याच रेघांवर. पहिल्या पानावर फोन नंबरच्या दोन्ही बाजूंनी ओळ वळवून नेली. लिलाबाई काही बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "बोलून काय करू. त्याईनं शाल देली अन् चाबी वापस घेतलीच नाही. उद्यापासून खुर्च्या पुसाले जातीन हे." आणि तसंच झालं. सातला कुलूप उघडायला दुसरं कोणी नव्हतं. काका आता अभ्यासिका उघडतात, झाडतात, पाण्याचा जार भरतात आणि दाराबाहेर स्टुलावर बसतात. आत बसलं तर खोकला येतो आणि पोरांना डिस्टर्ब होतं.

लिहून झाल्यावर आम्ही फय्याजभाईंच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीत आपा तांदूळ निवडत होत्या. काकांनी पानं पुढे केली. म्हणाले, "आपा, दार उघडलं."

आपांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, चष्मा शोधला. चौदा पानं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मधे बाहेर गिऱ्हाईक आलं, गेलं. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, निकालाची वाट बघत. वाचून झाल्यावर आपांनी पानं नीट जुळवली, गुडघ्यावर आपटून सरळ केली.

"अच्छा हाय," त्या म्हणाल्या. मग संकोचून, "पन भाऊ, हा मानूस कोन होता? घर सोडून काहून गेल्ता?"

"अठरा वर्सांनी आला ना तो—"

"ते लिवलं हाय इथी. मी म्हनते, गेलाच काहून होता?"

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. ते शोधत होते, आत कुठेतरी, कपाटात शोधावं तसं. बायकोशी भांडण झालं होतं का? की भाऊ? त्यांना दोनशे सोळाव्या पानाची शेवटची ओळ पाठ होती, कडीचा आवाज पाठ होता. पण पुस्तक त्यांनी एकदाच वाचलं होतं, आणि त्याला सात वर्षं होऊन गेली होती. दर गुरुवारी ते दोघं त्या दाराविषयी बोलले, आणि त्या दाराबाहेर उभा असलेला माणूस दोघांच्याही नकळत पुसून गेला होता.

"ते सुरवातीले होतं," काका म्हणाले. "पयल्या पानायमंदी."

आपांनी मान हलवली. मी घाईघाईने म्हटलं, मी पुण्याहून सगळं पुस्तकच फोटो काढून आणते, दोनशे सोळा पानं, त्यात काय मोठं. या वेळी मी ते खरंच केलं असतं. काकांनी माझ्याकडे मायेने बघितलं.

"ठेवू कुठी?" म्हणाले.

चौदा पानं काका आपांपाशी ठेवायला लागले. आपा म्हणाल्या, तुमच्यापाशीच राहू द्या भाऊ, माझ्याकडे पोरं फाडतील. काका म्हणाले, माझ्या घरी पाणी गळतं. शेवटी ती कोणी ठेवून घेतली ते मला माहीत नाही. मी बाहेर फय्याजभाईंशी बोलायला उठले होते.

पुढच्या गुरुवारी मी पुण्याची बस धरायला फाट्यावर निघाले होते. वाचनालयापुढून आपा भाजी घेऊन येत होत्या, पिशवी वरपर्यंत मेथीने भरलेली. काका दाराशी स्टुलावर बसले होते, हातात किल्ली. आत पोरं माना खाली घालून वाचत होती. आपा पायरीपाशी आल्या, सवयीने थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काका उत्तर द्यायला म्हणून अर्धे उठलेसुद्धा.

आपांनी काही विचारलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेल्या.